कुत्रा कुरतडू नये म्हणून

एर्मिला रेबासाला कुत्र्यांचा फार लळा आहे, असं आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. साफ खोटं आहे. तिला कुत्री कधीच आवडली नाहीत. डोंगरातल्या गावी असताना शेजाऱ्याच्या कुत्र्यानं तिच्या सहा कोंबड्या एका दुपारीत संपवल्या, तेव्हापासून कुत्रा दिसला की ती आधी दगड शोधायची. पण बाई बारा वर्षं गच्चीवर कुत्र्याबरोबर राहिली, की लोक कारण विचारत नाहीत. लळा म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. मला कारण माहीत आहे, कारण त्यातलं निम्मं माझ्याच तोंडून निघालं.

मी फेलिसिता. एर्मिलाच्या घराला माझं घर चिकटून आहे आणि दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्रुहियो शहराच्या ह्या एल पोर्वेनिर भागात घरटी एक बुटांचा कारखाना. कुणी सोल चिकटवतो, कुणी टाचा ठोकतो. मी आणि एर्मिला दोघी अप्परवाल्या, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाचे चामड्याचे तुकडे मशीनवर जोडून शिवायचं काम आमचं. तिच्या एकुलत्या एका मुलाच्या, निल्तोनच्या बाप्तिस्म्याला मीच त्याला हातात धरलं होतं. म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि निल्तोन मला मादरिना म्हणतो. धर्माची आई म्हणून त्याला दोन शब्द सुनवायचा मला हक्क आहे. सुनवलेही. पालथ्या घड्यावर पाणी.

एर्मिला पंधराव्या वर्षी डोंगरातून इथे आली, तेव्हा इथे वाळू होती आणि बोरूच्या चटयांच्या झोपड्या. नवरा सेगुंदो सोल चिकटवायचा. एके दिवशी लिमाला काम बघून येतो म्हणाला आणि अजून बघतोच आहे. पोर चार वर्षांचं. तिनं मशीन चालवलं आणि त्या मशीनच्या जोरावर आधी एक खोली बांधली. रस्त्याकडची. पक्क्या विटांची आणि तिला लोखंडी चौकटीची मोठी खिडकी. आमच्या रांगेतली ती पहिली खिडकी. तिनं मशीन त्या खिडकीशी लावलं. पाववाला, मासेवाली, भांडणं, वराती, मयती, सगळं तिच्या खिडकीवरून जायचं आणि तिला विचारल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. माझ्या लेकीचा नवरा कसला आहे हे मला कळायच्या आधी तिला कळलं होतं, ते त्या खिडकीतूनच. पुढे घर वाढलं, मागे कारखाना झाला, निल्तोनच्या हाती गेला, त्याची बायको येसेनिया आली. पण ती खोली एर्मिलाची. मरेन तर ह्याच खिडकीशी, असं ती म्हणायची.

बारा वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीत गच्चीवरून चामडं चोरीला गेलं, तेव्हा निल्तोन बाजारातून एक पिल्लू घेऊन आला. गुबगुबीत, तपकिरी, म्हणून नाव ठेवलं ओसो, अस्वल. पहिले चार महिने ते कारखान्यातच लोळायचं. दात येत होते, त्यामुळे मिळेल ते चावायचं. आणि बुटांच्या घरात काय मिळणार? कामगारांनी त्याच्यापुढे चामड्याची कातरणं टाकली, फुकट गेलेले सोल टाकले, एकदा तर एक अख्खा जुना बूट टाकला. ते फाडायला लागलं की सगळे खदखदून हसायचे.

"बघा, बघा! जन्मतःच कारागीर निघाला!"

"कारागीर कसला, गिऱ्हाईक आहे. माल तपासून घेतोय."

एर्मिला तेवढी म्हणाली होती, "अरे, त्याला जुना बूट आणि नवा बूट ह्यातला फरक कोण सांगणार आहे?" तर निल्तोन म्हणाला, "आई, कुत्रा आहे तो, दुकानदार नाही."

हीच ती आमच्या लोकांची चूक. गावातल्या निम्म्या कुत्र्यांना आम्हीच शिकवतो की चामडं तुझं, आणि मग त्यांनी चामडं खाल्लं की आम्हीच त्यांना बडवतो.

पिल्लू मोठं झालं, पायांत यायला लागलं, तेव्हा गच्चीवर गेलं. इथे कुत्रा म्हणजे गच्चीवरचाच. कठड्यावरून रस्त्याला भुंकायचं, पाण्याच्या टाकीच्या सावलीत झोपायचं, दिवसातून एकदा कुणीतरी उरलंसुरलं वर ठेवून दार ओढून घ्यायचं. माझ्याही गच्चीवर तसेच दोन होऊन गेले, मी काही साव नाही. ओसोनं आधी कपडे वाळत घालायची दोरी खाल्ली. मग निल्तोनची फुटबॉलची जर्सी. मग झाडूचा दांडा, प्लास्टिकची बादली, दाराची खालची फळी. आणि मग आला जानेवारी, शाळेच्या बुटांचा हंगाम. मार्चमध्ये शाळा उघडतात, त्यामुळे दोन महिने आमच्याकडे कुणाला मान वर करायला वेळ नसतो. काळे बूट पॉलिश वाळायला गच्चीवर मांडले होते. ओसोनं सकाळभरात चौदा जोड्यांमधला एकेक बूट खाल्ला. जोडीतला एकच, दुसऱ्याला तोंड लावलं नाही.

बूट ज्यावर ओढून घडवतात, तो लाकडी फरमा घेऊन निल्तोन वर गेला. त्यानं कुत्र्याला ओढत त्या बुटांपाशी नेलं, नाक घासलं आणि पाठीत फरमा घातला.

"बघ! बघ काय केलंस! आई, तोंड बघ ह्याचं. कळतंय लबाडाला, सगळं कळतंय."

एर्मिला कपडे काढायला वर आली होती. ती म्हणाली, "त्यानं बूट सकाळी खाल्ले, आता दुपार झाली. त्याला बूट कळत नाहीत, तुझ्या हातातला फरमा कळतो. उद्या फरमा दिसला की असंच तोंड करेल, मग बूट खाल्लेले असोत की नसोत."

मग येसेनियानं उपाय काढला: बुटांना आणि दाराला तिखट मिरचीचं वाटण फासायचं. सगळ्या गल्लीनं माना डोलावल्या. मीही डोलावली. कुणाच्या डोक्यात आलं नाही की आमच्याकडचं कुत्रं जन्मापासून त्याच मिरचीच्या रश्श्यावर वाढतं. ओसोनं बूट आधी चाटून पुसून लखलखीत केले आणि मग खाल्ले.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," निल्तोन म्हणाला. "उद्या ह्याला हायवेवर नेतो. वाळवंटात सोडून येतो. जगला तर जगला."

आणि इथे मी तोंड घातलं. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासाठीच. मी भिंतीपलीकडून ओरडले, "अरे गाढवा, मी रोज बघते इथून! तुझी आई धुणं वाळत घालायला वर आली, की हा तिच्या पायाशी पडून राहतो. बूट शेजारी असले तरी ढुंकून बघत नाही. ती खाली गेली, दार लागलं, की पाच मिनिटं दारावर नखं मारतो आणि मग दिसेल ते फाडतो. त्याला खोड नाही, त्याला माणूस नाही!"

मला वाटलं, मी एका मुक्या जिवाचा प्राण वाचवला. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

निल्तोननं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "आई," तो म्हणाला, "मग तू मशीन घेऊन वर बसतेस का? दोनच आठवडे. हंगाम निघेपर्यंत."

एर्मिलाला कुत्रा नको होता. पण हायवेवर सोडलेली कुत्री आम्ही सगळ्यांनी बघितली आहेत, ट्रकांखाली. ती म्हणाली, "दोन आठवडे. तेही त्या फरम्याला हात लावणार नसशील तर."

चार चटया बांधून आडोसा केला आणि मशीन वर गेलं. आणि कुत्र्यांवर दगड उचलणारी ती बाई कुत्रा शिकली. मी भिंतीवर कोपर टेकून तिला बघत असे. तिनं पहिल्याच दिवशी चामड्याचं प्रत्येक कातरण गोळा करून खाली पाठवलं. बाजारातून गाईच्या पायाचं हाड आणलं, जाड दोराला गाठी मारल्या आणि हे तुझं म्हणून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं बूट उचलला, की ओरडायची नाही, मागे धावायची नाही. "धावलं की त्याला खेळ वाटतो, कोमाद्रे." ती हाड पुढे करायची. बूट सोडला की हाड त्याचं आणि पाठीवर थाप. उन्हं चढायच्या आधी ती त्याला दोरीला बांधून बाजारापर्यंत फिरवून आणायची. गल्लीतल्या बायका हसायच्या, "काय एर्मिला, तू त्याला फिरवतेस की तो तुला?" ती म्हणायची, "दमलेला कुत्रा झोपतो. दमलेली माणसं तेवढी भांडतात."

दहाव्या दिवशी बूट मांडलेले होते, कुत्रा मध्ये घोरत होता आणि एकही बूट ओला झाला नव्हता. येसेनियानं सगळ्यांना सांगितलं की मिरचीनं गुण दिला.

पण कुत्रा पहाटे, एर्मिला वर यायच्या आत, अजून काहीतरी फाडायचा. "मग आई, खाटच वर नेऊ या ना," निल्तोन म्हणाला. "हवा किती छान आहे वर." खाट वर गेली. मार्च आला, शाळा उघडल्या. एर्मिला मशीन उतरवायला खाली गेली, तर तिच्या खोलीत छतापर्यंत बुटांची खोकी. मातृदिनापर्यंत राहू दे, म्हणाले. मातृदिनाला मोठा केक आणला, वर गच्चीवरच कापला. मग खोक्यांच्या जागी आणखी एक शिलाईचं मशीन आलं आणि त्यावर एक कामगारीण. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथे बीळ खणणारी अजून जिवंत होती, डोक्यावर राहत होती.

त्या डिसेंबरात ती ओतुस्कोच्या देवीला गेली. तेव्हा दरवर्षी जायची, तीन दिवस. मी निल्तोनला बजावलं होतं, "दिवसातून दोनदा वर जाऊन बस. फिरवून आण. निदान दार तरी उघडं ठेव." तो "हो मादरिना, हो मादरिना" म्हणाला. दुसऱ्या दिवशी ओसोनं पाण्याच्या टाकीचा नळ चावून तोडला. पाणी जिन्यानं उतरून कारखान्यात शिरलं आणि सगळं चामडं भिजून लाकडासारखं झालं.

एर्मिला देवीचा प्रसाद घेऊन दारात आली, तर घरातले सगळे रांगेनं उभे.

"बघितलंस?" निल्तोन म्हणाला. "तू नाहीस तर हे असं होतं."

"तू वर गेला होतास का?"

"आई, मला वेळ कुठे असतो?"

त्या घरात वेळ फक्त एकाच माणसाला होता. म्हणजे तिच्या वेळेला कुणी वेळ म्हणत नव्हतं.

मग तिनं एक काम हाती घेतलं आणि ते काय आहे हे फक्त मला सांगितलं. "कोमाद्रे, मी ह्याला एकटं राहायला शिकवणार. तो एकटा राहिला, की मी खाली. मग निल्तोनकडे सबब उरत नाही." वर्षभर तिनं ते केलं. हाड द्यायचं, दार लावायचं, दोन पायऱ्या उतरून मनात शंभर आकडे मोजायचे, परत यायचं. आली की लाडबीड काही नाही, जणू गेलीच नव्हती. मग दहा पायऱ्या. मग मासेवालीपर्यंत. मग माझ्या स्वयंपाकघरात एक कप कॉफी, तीही कान गच्चीकडे लावून. कधी घाई झाली आणि त्यानं चटई फाडली, तर चिडायची नाही, पुन्हा दोन पायऱ्यांपासून सुरुवात. साठीला आलेली बाई जिन्यावर बसून आकडे मोजते आहे, आणि खालून नातवंडं विचारताहेत, "आजी, तू काय करतेस?" ती म्हणायची, "घरी येतेय."

शेवटी एका सोमवारी तिनं दाखवून दिलं. सोमवार म्हणजे सगळ्या त्रुहियोत शांबार, गव्हाचं आणि डुकराच्या कातडीचं ते दाट सूप. सकाळी ती कुत्र्याला वर ठेवून खाली आली, सगळ्यांसाठी शांबार रांधला, जेवायला मलाही बोलावलं आणि जेवण झाल्यावर सगळ्यांना गच्चीवर नेलं. सात तास झाले होते. ओसो हाड पुढ्यात घेऊन झोपला होता. दोरीवर कपडे होते, टाकीला नळ होता, तिनं मुद्दाम मांडलेले सहा बूट होते तसे होते.

"वा, आई!" निल्तोननं टाळ्या वाजवल्या. "सर्कशीत पाठवायला हवं तुला!"

"मला सर्कशीत नको पाठवूस. माझी खोली मोकळी कर."

टाळ्या थांबल्या. येसेनिया माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे मी निघावं म्हणून. मी हलले नाही.

"आई, अगं पण त्या खिडकीत आता दुकान करायचं ठरलंय," येसेनिया म्हणाली. "शोकेस मोजून गेला माणूस. रस्त्यावरची जागा, तिथे कुणी झोपतं का?"

"मी पस्तीस वर्षं झोपले."

निल्तोननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी पडला की असाच हात टाकायचा. "आई, नीट विचार कर. तू वर आहेस म्हणून तो सुधारला. उतरलीस की पुन्हा बिघडेल. मादरिना स्वतःच म्हणाल्या होत्या ना, त्याला माणूस हवं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हणाले, "मी माणूस म्हणाले होते, तुझी आई नव्हते म्हणाले! तुला दोन पाय आहेत, तुझ्या पोरांना आहेत. कुत्र्याला खाली घे, कारखान्यात ठेव, आता तो काही खात नाही. लाज वाटत नाही? जिनं तुला विटेवर वीट रचून घर दिलं, तिला टाकीशेजारी ठेवतोस?"

"मादरिना, तुम्ही घरातल्या गोष्टीत पडू नका," तो शांतपणे म्हणाला. आणि शोकेस पुढच्या आठवड्यात आला.

मी एर्मिलावरही चिडले. भिंतीशी जाऊन म्हटलं, "तू एवढी चिवट, कुत्र्याला वर्षभर शिकवलंस, मग पोटच्या पोरापुढे अशी गप्प का बसलीस?"

ती अप्पर शिवत होती. मशीन न थांबवता म्हणाली, "कुत्र्याला शिकवता येतं, कोमाद्रे. त्याला माहीत नसतं म्हणून तो करतो. ह्याला सगळं माहीत आहे."

मग वर्षं गेली. चटयांच्या जागी पत्र्याची खोली झाली आणि गल्लीनं निल्तोनची वाहवा केली, आईसाठी खोली बांधली म्हणून. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा, की ती आणि कुत्रा दोघं टाकीच्या सावलीत बसायची. जिना तिच्या गुडघ्यांना जमेना. मग ती खाली उतरायची तेवढीही बंद झाली आणि जेवणाची थाळी वर येऊ लागली. आधी नातवंडं आणून तिच्या शेजारी बसायची, नंतर थाळी दाराशी ठेवून दार ओढून घ्यायची. रस्त्यावरून वराती जायच्या, ती कठड्यावरून वाकून बघायची, पण वरून नुसती डोकी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. गल्लीतल्या नव्या सुनांना तर ती तोंडओळखीपुरतीही माहीत नव्हती. कुत्रेवाली म्हातारी, एवढंच.

ओसो यंदा ऑगस्टमध्ये गेला. महिनाभर नुसता पाणी प्यायचा आणि पडून राहायचा. येसेनियानं त्याच्या गळ्यात लिंबांची माळ घातली. कुत्र्याच्या कुठल्याही दुखण्याला आम्ही हेच करतो, मग ते दुखणं म्हातारपण का असेना. शेवटच्या दिवशी त्याचं डोकं एर्मिलाच्या मांडीवर होतं. ती रडली नाही. त्याला पोत्यात गुंडाळून निल्तोनच्या माणसांनी नेलं, आणि ती पत्र्याच्या खोलीत जाऊन आवरायला लागली. पांघरूण, देवीचं चित्र, कात्री, दोन झगे. सगळं एका चादरीत बांधलं. मशीनवर कापड टाकलं. मग खाटेवर त्या गाठोड्याशेजारी बसून राहिली, पाय जुळवून, केस विंचरून, बसची वाट बघतात तशी.

"कोमाद्रे," मला म्हणाली, "आता कसली सबब सांगेल गं? कुत्राच नाही."

मी म्हणाले, "आता काय सांगणार? काही नाही." मला खरंच तसं वाटलं. शोकेसच्या मागे खाटेपुरती जागा आहे, मी डोळ्यांनी बघितली होती.

दोन दिवस ती तशी बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. निल्तोन वर आला, मागे येसेनिया, मागे तिन्ही नातवंडं. एवढी माणसं त्या गच्चीवर त्या शांबारच्या सोमवारनंतर प्रथमच आली होती. एर्मिला उभी राहिली, तिनं गाठोडं हातात घेतलं.

निल्तोननं जॅकेटची चेन उघडली. आत एक पिल्लू होतं, काळं, पांढऱ्या पायांचं.

"आई! तुझ्यासाठी!" त्याचा चेहरा फुलला होता. "तू एकटी पडलीस ना. मला बघवेना."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लू त्यानं तिच्या हातात दिलं. हात मोकळा नव्हता, म्हणून तिला गाठोडं खाली ठेवावं लागलं. पिल्लानं लगेच तिच्या झग्याचं बटण तोंडात धरलं.

"बघ, लागलं चावायला! ह्यालाही शिकव बरं का, ओसोसारखं. तुझ्यासारखं कुणाला जमणार?"

एर्मिलानं पिल्लाचं तोंड उघडून दात बघितले. दुधाचे होते. मग तिनं निल्तोनकडे मान वर करून विचारलं, "किती वर्षं जगतं रे हे?"

"हे?" तो अभिमानानं म्हणाला. "चांगल्या जातीचं आहे, आई. पंधरा वर्षं कुठे गेली नाहीत."

एर्मिला एकाहत्तर वर्षांची आहे. तिनं मान हलवली, म्हणाली, "बरं," आणि पिल्लाला एका हाताशी धरून दुसऱ्या हातानं गाठोड्याची गाठ सोडायला बसली.